जिम अ‍ॅबटची उरलेली गोष्टही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीतला जिम अ‍ॅबट या अमेरिकन बेसबॉल पिचरवरचा (बॅटरकडे चेंडू फेकणाऱ्या खेळाडूवरचा) लेख वाचला. मराठी दैनिकात बेसबॉलला एवढी जागा मिळालेली पाहून आनंद झाला आणि लेख मी लगेच दुसऱ्यांदा वाचून काढला. पण लेख ४ सप्टेंबर १९९३ या तारखेला येऊन संपला. जन्मापासून उजवा पंजा नसलेल्या अ‍ॅबटने त्या दिवशी न्यूयॉर्क यांकीजकडून क्लीव्हलँडविरुद्ध नो-हिटर टाकली, म्हणजे समोरच्या संघाला अख्ख्या सामन्यात एकही हिट (फटका मारून बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या ठाण्यावर, सुखरूप पोचणं) मिळू दिली नाही. हा 'एका हाताचा चमत्कार' सांगून लेखकाने हात जोडले. अ‍ॅबट मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वांत वरच्या लीगमध्ये, शेवटचा खेळला तो १९९९ मध्ये. मधली वर्षं गाळली की माणूस निम्माच उरतो, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत एकतीस वर्षं पीटीचा शिक्षक होतो. शालेय स्पर्धांसाठी बेसबॉलचा संघ उभा करायचं काम माझ्याकडे असे. त्या काळात आठवीत एक मुलगा आला. सात वर्षांचा असताना कडबाकुट्टीत वैरण सारताना त्याचा उजवा हात मनगटापासून गेला होता. ज्यांच्या दावणीला जनावरं आहेत त्यांना हे अपघात मी वेगळे सांगायला नकोत. हा पोरगा डाव्या हाताने दगड असा मारायचा की सांगेल तो चिंचेचा आकडा खाली यायचा. पिचर शोधणाऱ्या माणसाला आणखी काय हवं? अडचण फेकण्याची नव्हतीच. फेकल्यानंतर चेंडू परत अंगावर आला तर झेलायचा कसा, ही होती.

ती अ‍ॅबटने सोडवली. मिशिगन राज्यातल्या फ्लिंट या मोटारींच्या कारखान्यांच्या गावात १९ सप्टेंबर १९६७ ला तो जन्मला, तेव्हा त्याचे आईवडील स्वतःच अठरा वर्षांचे होते. लहानपणी त्याला लोखंडी आकड्याचा कृत्रिम हात बसवला होता, तो त्याने काही वर्षांतच नको म्हणून काढून टाकला. घराच्या विटांच्या भिंतीवर तो चेंडू मारत बसे आणि हळूहळू भिंतीच्या जवळ सरकत जाई, म्हणजे चेंडू लवकर परत येईल आणि हात तेवढा लवकर चालवावा लागेल. ग्लोव्ह उजव्या हाताच्या टोकावर नुसता टेकवून ठेवायचा. डाव्या हाताने चेंडू सोडला की तोच हात झटकन ग्लोव्हमध्ये घालायचा. चेंडू आला की ग्लोव्हमध्ये झेलायचा, लगेच ग्लोव्ह उजव्या बाजूला अंगाशी दाबून धरायचा, डावा हात बाहेर ओढून चेंडू काढायचा आणि फेकायचा. वाचायला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी आधी हे सगळं उरकलेलं असे.

आम्ही दोघांनी हे शाळेच्या पाण्याच्या टाकीच्या भिंतीवर केलं. सुरुवातीला ग्लोव्ह पायात पडायचा. मग हात आत जायचा पण अंगठा दुमडायचा. दिवाळीच्या सुट्टीत पोरगा रोज सकाळी धारा काढून झाल्या की यायचा. भिंतीवर चेंडूचे मातीचे गोल ठसे उमटले होते, आधी सगळीकडे विखुरलेले, पुढे पुढे एका परातीएवढ्या जागेत. जानेवारीत एकदा माझं लक्ष दुसरीकडे असताना 'धप्, धप्' असा एकसारखा आवाज यायला लागला, मध्ये ग्लोव्ह पडल्याचा खंड नाही. तो आवाज मला अजून ऐकू येतो.

अ‍ॅबटसमोर संघ काय करत, हे बेसबॉल न पाहणाऱ्या वाचकांसाठी सांगतो. बॅट न फिरवता चेंडू नुसता अडवून पिचरच्या पुढ्यात टाकायचा, याला बंट म्हणतात. एका हाताच्या पिचरला तो उचलून वेळेत फेकता येणार नाही, हा त्यामागचा हिशेब. शाळेच्या वयात एका संघाने त्याच्यावर एकामागून एक बंट टाकल्या. पहिला गडी बेसवर पोचला. पुढच्यांना अ‍ॅबटने पहिल्या बेसवर एकेक करून बाद केलं. त्या पोरांनी त्याची कीव केली नाही, जिंकण्यासाठी त्याची कच्ची बाजू हेरली, आणि माझ्या मते खेळात याहून मोठा मान नाही.

पुढचा चढता काळ आपल्या लेखात व्यवस्थित आला आहे, तो मी फार उगाळत नाही. मिशिगन विद्यापीठ, १९८७ मध्ये हवानात क्यूबाला हरवणं, १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात जपानवर विजय. बेसबॉल तेव्हा ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ होता. मग खालच्या लीगमध्ये एकही सामना न खेळता १९८९ मध्ये थेट कॅलिफोर्निया एंजल्सच्या संघात. पहिल्या हंगामात १२ विजय, १२ पराभव (बेसबॉलमध्ये सामन्याचा निकाल पिचरच्या नावावरही लिहितात). १९९१ मध्ये १८ विजय, ११ पराभव आणि दर नऊ इनिंगमागे, म्हणजे एका पूर्ण सामन्यामागे, दिलेल्या धावांची सरासरी २.८९. त्या वर्षी साय यंग या सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराच्या मतदानात तो अमेरिकन लीगमध्ये (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एकीत) तिसरा आला. हे आकडे कुठल्याही पिचरला अभिमानाने सांगता येतील असे आहेत.

नो-हिटरविषयी मात्र लेखात राहून गेलेल्या दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. सहाच दिवस आधी याच क्लीव्हलँडने अ‍ॅबटला झोडपलं होतं, चार इनिंगसुद्धा पुऱ्या होऊ न देता सात धावा घेतल्या होत्या. आणि दुसरी गोष्ट नवव्या इनिंगची. यांकी स्टेडियमवरचे प्रेक्षक उभे, अजून एकही हिट नाही, आणि क्लीव्हलँडच्या केनी लॉफ्टनने काय केलं? बंट मारायचा प्रयत्न. प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. मला त्यात लॉफ्टनचं काही चुकलं असं वाटत नाही. तो चेंडू फाऊल (रेषेबाहेर) गेला आणि पुढे लॉफ्टन साध्या ग्राउंडरवर (जमिनीवरून गेलेल्या फटक्यावर) बाद झाला. पुढच्या फर्मिनचा उंच फटका यांकीजच्या बर्नी विल्यम्सने मागे पळत जाऊन पकडला. शेवटचा बाएर्गा दोन्ही हातांनी खेळणारा. डावखुऱ्या पिचरसमोर असा खेळाडू उजव्या हाताने उभा राहतो. अ‍ॅबटचा उजव्या बॅटरच्या अंगाकडे आत शिरणारा कटर नावाचा चेंडू टाळायला तो डावखुरा उभा राहिला, आणि शॉर्टस्टॉप या क्षेत्ररक्षकाकडे चेंडू मारून बाद झाला. समोरच्याला आपली उभं राहायची बाजू बदलायला लावणं, ही त्या पिचरची खरी ताकद होती.

आता लेखाने गाळलेला भाग. १९९६ मध्ये अ‍ॅबट परत एंजल्सकडून खेळत होता. २ विजय, १८ पराभव, धावांची सरासरी ७.४८. चेंडूचा वेग उतरला होता, तो आत शिरणारा कटर आता बॅटच्या मधोमध बसत होता. हात एकच होता म्हणून हे घडलं नाही. दोन हातांच्या शेकडो पिचरांचं तिशीच्या आसपास जे होतं तेच झालं. १९९७ मध्ये संघाने त्याला सोडलं आणि ते वर्ष तो घरी बसला. १९९८ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्ससाठी तो खालच्या लीगमध्ये जाऊन आला. १९८९ मध्ये ज्या पायऱ्या चढाव्या लागल्या नव्हत्या, त्या त्याने नाव झाल्यानंतर, पोरासोरांबरोबर बसने फिरत चढल्या. वर आल्यावर पाच सामने टाकले आणि पाचही जिंकले. १९९९ मध्ये मिलवॉकीकडून २ विजय, ८ पराभव, आणि निवृत्ती. मिलवॉकी ज्या लीगमध्ये होती तिथे पिचरलाही बॅटिंग करावी लागे. त्या हंगामात एका हाताने बॅट धरून त्याने दोन हिट मारल्या. एकूण कारकीर्द ८७ विजय, १०८ पराभव.

हे १०८ पराभव लपवावेत असं त्यात काय आहे, संपादक महाशय? दहा हंगाम अमेरिकेतल्या मालकांनी आणि प्रशिक्षकांनी त्याच्या हातात चेंडू दिला, जिंकला तेव्हा ठेवला, हरू लागला तेव्हा इतर कुणालाही सोडतात तसं सोडला. चमत्कार म्हणून मैदानावर आणलेल्या माणसाला कुणी १०८ वेळा हरू देत नाही. त्याला एकदा मिरवतात आणि घरी पाठवतात.

आमच्याच आटपाडी तालुक्यातल्या करगणीच्या सचिन खिलारी यांनी २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक आणलं, तेव्हा जिल्हाभर पेढे वाटले गेले, मीही वाटले. पण त्याच जिल्ह्यात कितीतरी वर्षं आधी माझ्या त्या पोराला तालुक्याच्या निवडीला घेऊन गेलो, तेव्हा निवड करणाऱ्यांपैकी एकजण मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, पोरगं गुणी आहे हो, पण उद्या तोंडावर बॉल बसला तर जबाबदारी कुणाची? आपण त्याचा सत्कार करू की." मी म्हणालो, "पाच बॉल तर टाकू द्या." नाही टाकू दिले. पोरगा ग्लोव्ह काखेत धरून कडेला उभा होता. त्याला शाल आणि नारळ मिळाला. येताना एसटीत त्याने ती शाल माझ्या पिशवीत कोंबली आणि विचारलं, "सर, माझा बॉल वाईट पडला असता तर मग काढायचं होतं ना?"

म्हणून विनंती अशी की लेखाचा उरलेला भाग पुढच्या एखाद्या रविवारी जरूर छापावा, १९९६ च्या आकड्यांसकट. शाळांच्या निवड समित्यांवरचे शिक्षक आपला पेपर वाचतात.

आमच्या शाळेतल्या वर्गावर्गांच्या सामन्यात मात्र तो खेळला. आठवी ब विरुद्ध नववी अ. त्या सामन्याची स्कोअरची वही मी अजून जपून ठेवली आहे. त्याच्या नावापुढे माझ्याच अक्षरात लिहिलं आहे: तीन इनिंग, सहा धावा, पराभूत. तालुक्याच्या कागदांत त्याचं नावच नाही.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, जि. सांगली