भोरड्या इथं भेटल्या

अल्माटी,
७ जून

तीर्थरूप आबा आणि आईस,
साष्टांग नमस्कार.

परीक्षा झाली, पेपर चांगले गेले, जेवणाखाण्याची काळजी करू नका. आज वेगळंच सांगायचंय. आबा, हातकणंगलेच्या आपल्या रानात शाळू भरला की ज्या भोरड्यांचे थवे पडतात, ज्यांच्यामागं तुम्ही माळ्यावर उभं राहून गोफण फिरवता, त्या मला इथं कझाकस्तानात भेटल्या!

शहराच्या उत्तरेला इली नदीकडं जाताना मोकळा माळ लागतो. तिथं रस्त्याकडेला दगडांचा मोठा ढीग होता आणि त्यातून नुसता कलकलाट. फटीफटीत घरटी. एक नर फटीशी उतरला, चोचीत टोळ आडवा धरलेला, त्याचे पाय बाहेर लोंबतायत. आत पिलं चिरकली, की हा मोकळ्या चोचीनं परत माळाकडं. रंग बघाल तर ओळखणार नाही तुम्ही. पाठ-पोट गुलाबी, डोकं आणि पंख काळेभोर, मागं शेंडी. आपल्याकडं थंडीत तोच पक्षी मळकट दिसतो, कारण नव्या पिसांची टोकं मातकट असतात. ती हळूहळू झिजतात आणि खालचा गुलाबी रंग उघडा पडतो.

एप्रिल-मेमध्ये या इथं येतात आणि अंडी घालण्यापासून पिलं उडेपर्यंत साधारण दीड महिन्यात सगळं उरकतात. सगळा खेळ टोळांवर. टोळ असतील तिथं हजारोंनी घरटी करतात, नसतील तर गेल्या वर्षीची जागा खुशाल सोडून देतात. पलीकडं चीनच्या शिनजियांगमध्ये तर गवत टोळांपासून वाचावं म्हणून माणसं मुद्दाम दगड रचून यांना घरट्यांची सोय करून देतात. आपण गोफण उचलतो, तिथं आमंत्रण! मला हे वाचून फार बरं वाटलं.

आता पिलं मोठी झाली की थवे निघतील. गणपतीच्या आसपास आपल्याकडं दिसायला लागतील. पहिला थवा दिसेल तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा, आक्कालाही लक्ष ठेवायला सांगा. पिलं मातकट रंगाची असतात, चोच पिवळसर. ती यंदाचीच, इथं जन्मलेली.

हुरड्याचं कणीस राखायलाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण आबा, त्या नुसत्या दाण्यावर जगत नाहीत. रानातले नाकतोडे, अळ्याही खातात. आणि पांगारा, सावर फुलली की मध प्यायला झुंबड करतात; कपाळाला पराग माखून या फुलावरनं त्या फुलावर जातात, झाडाला फळ धरतं ते त्यानंच. म्हणून एक मागणं आहे. बांधावरचा पांगारा सावली करतो म्हणून यंदा काढायचा म्हणत होता, तो राहू द्या. फार तर शाळवाकडच्या फांद्या छाटा.

आईच्या गुडघ्याचं कळवा.

तुमची,
धाकटी