अनुस्पंदन शिकवताना अवमंदन वगळू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विद्युतचुंबकीय तरंग शिकवायला घेतले की पहिल्या तासाला फळ्यावर रेडिओपासून गॅमा किरणांपर्यंतचा वर्णपट येतो आणि दुसऱ्या तासाला एकमेकींशी काटकोन करणाऱ्या बाणांच्या दोन नागमोडी रांगा. अनुस्पंदन, म्हणजे रेझोनन्स, तोवर आधीच्या एखाद्या धड्यात उरकलेले असते. ‘वारंवारता जुळली की आयाम (आंदोलनाचा आवाका) सर्वांत मोठा होतो’ एवढ्या एका वाक्यात. विद्यार्थी दोन्ही गोष्टी पाठ करतात, पण त्यांचा एकमेकींशी संबंध त्यांना लागत नाही. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिकवणारे आम्ही काही शिक्षक हे पत्र एका आग्रहासाठी लिहीत आहोत. अनुस्पंदन तरंगांच्या आधी, हाताने करून शिकवावे, आणि पहिल्या प्रयोगापासून अवमंदन (डॅम्पिंग, म्हणजे आंदोलनातली ऊर्जा गळून ते विरत जाणे) त्याच्यासोबत असावे. दर फेरीला किती ऊर्जा आत येते आणि किती गळते, हा हिशेब कळल्याशिवाय वारंवारता जुळण्याला काही अर्थ येत नाही, आणि विद्यार्थी अडखळतात ते नेमके तिथेच.

सुरुवात लंबकांपासून करावी. दोन खुंट्यांमध्ये एक दोरा आडवा बांधावा. त्याला ५० सेंटिमीटर लांबीचा, सुमारे २०० ग्रॅम वजनाचा एक लंबक लावावा आणि त्याच दोऱ्यावर कागदी शंकूंचे पाच हलके लंबक लावावेत: ३०, ४०, ५०, ६० आणि ७० सेंटिमीटरचे. लांबी गाठीपासून शंकूच्या गुरुत्वमध्यापर्यंत मोजावी. दोरा फार सैल असला तर लंबक गाठीभोवती न झुलता दोऱ्यासकट झुलतो आणि त्याची खरी लांबी वाढते. फार ताणला तर जड लंबकाची ऊर्जा बाकीच्यांपर्यंत पोचतच नाही. पन्नासचा आवर्तकाल, म्हणजे एका पूर्ण आंदोलनाला लागणारा वेळ, १.४२ सेकंद, तिसाचा १.१० आणि सत्तरचा १.६८ येतो.

हा प्रयोग बहुतेक वेळा घाईने फसतो. जड लंबक सोडल्यावर सुरुवातीला सगळेच शंकू कमी-जास्त होत राहतात, कारण प्रत्येकाचे स्वतःचे आंदोलन अजून विरलेले नसते. याच क्षणी ‘कोण जास्त झुलतोय?’ असे विचारले तर वर्गातून पाच उत्तरे येतात. तीस-चाळीस आंदोलने थांबावे. मग सगळे शंकू जड लंबकाच्याच आवर्तकालाने झुलू लागतात. आयाम मात्र पन्नासचा सर्वांत मोठा असतो. आखूड शंकू जड लंबकाच्या बरोबरीने जातात, लांब शंकू उलट दिशेला, आणि पन्नासचा पाव आवर्तकाल मागे राहतो. आता प्रत्येक शंकूला दोन-तीन कागदी क्लिपा लावून पुन्हा करावे. वस्तुमान वाढले, हवेचा विरोध जवळपास तोच राहिला, म्हणजे अवमंदन घटले. पन्नासचा लंबक आता इतरांपेक्षा फारच पुढे जातो, पण सगळे स्थिरावायला जास्त वेळ लागतो. निवड तीक्ष्ण झाली की प्रतिसाद संथ होतो, हे विद्यार्थ्यांनी इथेच स्वतः पाहावे. पुढे रेडिओपाशी याचाच उपयोग होतो.

यानंतर विद्युत मंडल. १० मिलिहेन्रीची कॉइल आणि १ मायक्रोफॅरडचा फिल्म कपॅसिटर एकसरीत जोडला की अनुस्पंदनाची वारंवारता १५९२ हर्ट्झ येते. ती ऐकू येण्याजोगी असल्यामुळे स्पीकरवरून तोच सूर वर्गाला ऐकवताही येतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर इथे चालत नाही. स्वस्त सिरॅमिक कपॅसिटरची धारकता व्होल्टेजनुसार बदलते, म्हणून तोही टाळावा. कॉइल आणि कपॅसिटर दोन्हींच्या किमती छापील आकड्यापेक्षा दहा टक्क्यांनी जास्त निघाल्या तर वारंवारता सुमारे नऊ टक्क्यांनी घसरते, हे विद्यार्थ्यांकडून आधीच काढून घ्यावे, म्हणजे १४५० आले तरी कोणी आकडे ‘सुधारून’ लिहीत नाही.

इथली सर्वांत सामान्य तक्रार अशी की आलेखात टोक दिसत नाही, नुसती सपाट टेकडी दिसते. याचे कारण बहुधा फंक्शन जनरेटरमध्ये, म्हणजे मंडलाला हव्या त्या वारंवारतेचे व्होल्टेज देणाऱ्या यंत्रात, असते. त्याचा अंतर्गत रोध ५० ओहम असतो. कॉइलच्या तारेचा १५ आणि मोजण्यासाठी घातलेला १० धरला तर एकूण ७५ ओहम होतात. अनुस्पंदनाला कॉइल आणि कपॅसिटर प्रत्येकाची प्रतिबाधा (प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा विरोध) १०० ओहम. तिला एकूण रोधाने भागले की गुणवत्ता गुणक, म्हणजे टोकाच्या तीक्ष्णतेचे माप, जेमतेम १.३ येतो. उपाय सोपा आहे. मोजण्याचे १० ओहम काढून टाकावेत. जनरेटरच्या पुढे ४७ ओहम आणि १ ओहम एकसरीत जोडावेत आणि मंडलाला फक्त त्या १ ओहमवरचे व्होल्टेज द्यावे. सिग्नल सुमारे शंभरावा हिस्सा उरतो, पण मंडलातला एकूण रोध १६ ओहमवर येतो, गुणक ६ च्या वर जातो आणि ऑसिलोस्कोपवर कपॅसिटरचे व्होल्टेज दिलेल्या व्होल्टेजच्या सहापट दिसते. ‘ही जास्तीची ऊर्जा आली कुठून?’ हा प्रश्न वर्गातून येतोच, आणि तो आला की थांबून वेळ द्यावा. ती अनेक फेऱ्यांतून थोडी थोडी साठलेली असते. उगमातून दर फेरीला येणारी ऊर्जा रोधात जाणाऱ्या ऊर्जेइतकी झाली की साठा वाढायचा थांबतो. मग मंडलात मुद्दाम १०, २२ आणि ४७ ओहम घालून चारही आलेख एकाच कागदावर काढावेत.

याच ठिकाणी आणखी दोन खड्डे आहेत. साधे मल्टिमीटर प्रत्यावर्ती व्होल्टेज बहुधा ४०० हर्ट्झपर्यंतच खात्रीने मोजतात; त्यापुढे वाचन घसरते आणि आलेख एका बाजूला कलतो. शिवाय अवमंदन जास्त असताना कपॅसिटरवरचे व्होल्टेज अनुस्पंदनाच्या थोडे अलीकडेच महत्तम होते. ४७ ओहम घातल्यावर ते टोक १५९२ ऐवजी सुमारे १४३० हर्ट्झला येते. त्यात विद्यार्थ्याची चूक नाही. रोधकावरचे व्होल्टेज, म्हणजेच प्रवाह, मोजला की टोक जागेवर येते.

जिथे मध्यम लहरींचे केंद्र अजून ऐकू येते, तिथे पुढची पायरी क्रिस्टल रेडिओची, म्हणजे बॅटरीशिवाय चालणाऱ्या साध्या रेडिओची. ५ सेंटिमीटर व्यासाच्या नळीवर ०.५ मिलिमीटरच्या इनॅमल तारेचे ७५ वेढे लगटून घातले की सुमारे २१५ मायक्रोहेन्री मिळतात. त्याला ३६५ पिकोफॅरडचा बदलता कपॅसिटर जोडला तर जवळपास ५७० ते १७०० किलोहर्ट्झचा पट्टा मिळतो. डायोड जर्मेनियमचा घ्यावा, कारण सिलिकॉनचा डायोड इतक्या क्षीण व्होल्टेजला उघडतच नाही. इअरफोनही क्रिस्टलचा, जास्त प्रतिबाधेचा हवा. दोन केंद्रे एकमेकांत मिसळून ऐकू आली तर डायोड पूर्ण कॉइलवरून काढून जमिनीच्या टोकाकडून विसाव्या वेढ्याला जोडावा. मंडलावरचा भार कमी होतो, आवाज किंचित दबतो आणि केंद्रे सुटी होतात. शंकूंना क्लिपा लावल्या तेव्हा घडले तेच हे.

इतिहासही याला साक्ष देतो. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हाइन्रिश हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे ठिणगीतून निर्माण केलेले तरंग पकडले, ते तारेच्या एका साध्या कड्याने. कड्याचा आकार पाठवणाऱ्या मंडलाशी जुळवून घेतलेला होता. पण १८९० मध्ये जिनिव्हात साराझँ आणि द ला रीव या शास्त्रज्ञांना चमत्कारिक निकाल मिळाला: पाठवणारे यंत्र तेच ठेवून कडे बदलले की मोजलेली तरंगलांबीही बदलायची. काहींना वाटले की यंत्रातून एकाच वेळी असंख्य तरंगलांब्या निघतात. फ्रेंच गणिती प्वांकारे आणि नॉर्वेचे भौतिकशास्त्रज्ञ ब्यर्कनेस यांनी उलगडा केला तो अवमंदनाने. ठिणगीचे मंडल काही मोजक्याच फेऱ्यांत विझते, कडे मात्र कितीतरी जास्त वेळ स्वतःच्या वारंवारतेने कंप पावत राहते. त्यामुळे मोजली जाते ती कड्याची तरंगलांबी. त्या काळच्या जाणकारांचीही गल्लत ज्या मुद्द्यावर झाली, तो आपण नवशिक्यांच्या धड्यातून वगळतो, हे आम्हाला पटत नाही.

तरंगांकडे वळताना एक सावधगिरी हवी. दोन कॉइल शेजारी ठेवून एलईडी पेटवण्याचा प्रयोग ‘विद्युतचुंबकीय तरंगांचा’ म्हणून दाखवला जातो. १ मेगाहर्ट्झला तरंगलांबी ३०० मीटर असते. १० सेंटिमीटरवर जे घडते ते प्रवर्तन (इंडक्शन), म्हणजे एका कॉइलच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने दुसरीत व्होल्टेज निर्माण होणे, ट्रान्सफॉर्मरसारखे. अनुस्पंदन दाखवायला प्रयोग उत्तम आहे, पण तरंग त्यात दिसत नाही. तरंग दाखवायचा तर तरंगलांबी टेबलावर मावली पाहिजे. १०.५ गिगाहर्ट्झच्या मायक्रोवेव्ह प्रयोगसंचात ती २.८६ सेंटिमीटर असते. समोर धातूचा पत्रा उभा करून शोधक हळूहळू सरकवला की दर १.४३ सेंटिमीटरला नीचांक येतो. एकच अंतर मोजू नये. दहा अंतरे मिळून १४.३ सेंटिमीटर मोजावीत. वाचने उड्या मारू लागली तर आधी भोवतीच्या विद्यार्थ्यांना दोन पावले मागे घ्यावे, कारण माणसाचे शरीरही तरंग परावर्तित करते.

याच संचावर समांतर तारांची जाळी धरून पाहावी. दोरी आणि गजांच्या कुंपणाचे उदाहरण वापरून शिकवलेला विद्यार्थी सांगतो की उभ्या तारांमधून उभ्या विद्युत क्षेत्राचा तरंग पार जाईल. प्रत्यक्षात तो अडतो. विद्युत क्षेत्र तारेच्या दिशेत असले की तारेत प्रवाह वाहतो आणि तरंग परततो. जाळी ९० अंशांत फिरवली की पार जातो. कुंपणाचे उदाहरण धड्यातून काढूनच टाकावे. बाणांच्या नागमोडी आकृतीबाबतही असाच गैरसमज आहे. तिथे काही वर-खाली हलत नसते. प्रत्येक बाण आसावरच्या त्या एका बिंदूपाशी क्षेत्र किती प्रबळ आहे एवढेच सांगतो, आणि तीच अवस्था आसाला लंब असलेल्या पूर्ण प्रतलावर असते. सोबत आकडे द्यावेत. दर चौरस मीटरला १००० वॉट एवढ्या प्रखर उन्हात विद्युत क्षेत्राचे वर्गमध्यमूळ मूल्य सुमारे ६१४ व्होल्ट प्रति मीटर असते, तर चुंबकीय क्षेत्राचे सुमारे २ मायक्रोटेस्ला, पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राहून कितीतरी कमी. पहिल्याला दुसऱ्याने भागले की प्रकाशाचा वेग मिळतो.

शेवटी, संपादक महोदय, वृत्तपत्रांच्या विज्ञानसदरांतही वरचेवर येणारी दोन उदाहरणे. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्झला चालतो तो पाण्याच्या रेणूंच्या अनुस्पंदनामुळे, हे विधान चुकीचे आहे. द्रवरूप पाण्याला तिथे कोणतेही टोक नाही. खोलीच्या तापमानाला त्याचे शोषण सुमारे २० गिगाहर्ट्झच्या आसपास सर्वाधिक असते, आणि तोही फार पसरट उंचवटा आहे. शेजारचे रेणू सतत आदळत असल्यामुळे तिथे अवमंदनच वरचढ ठरते. २.४५ हा उद्योग आणि घरगुती उपकरणांसाठी राखून ठेवलेल्या पट्ट्यातला आकडा आहे. शोषण सर्वाधिक असते तर पदार्थाचा पृष्ठभागच तापला असता. ते मध्यम आहे म्हणून उष्णता काही सेंटिमीटर आत पोचते. दुसरे उदाहरण ७ नोव्हेंबर १९४० रोजी कोसळलेल्या अमेरिकेतील टॅकोमा नॅरोज पुलाचे. तो वाऱ्याशी अनुस्पंदन होऊन कोसळला असे सांगितले जाते. ताशी सुमारे ६८ किलोमीटर वाऱ्यात पुलामागे भोवरे सुटण्याची वारंवारता जवळपास १ हर्ट्झ निघते, तर पूल पिळवटत होता ०.२ हर्ट्झने. दोन्ही जुळतच नाहीत. पुलाची स्वतःची हालचालच वाऱ्याकडून ऊर्जा ओढून घेत होती, म्हणजे अवमंदन ऋण झाले होते. अनुस्पंदनाचे उदाहरण हवे असेल तर पातळ काचेचा पेला घ्यावा. टिचकी मारून त्याचा सूर ऐकावा, तोच सूर स्पीकरवर लावावा, पेल्यात कागदी नळी तिरकी उभी करावी आणि वारंवारता एकेका हर्ट्झने सरकवावी. नळी फक्त अरुंद पट्ट्यातच थरथरते. मग पेल्याच्या काठाला ओले बोट टेकवून, म्हणजे अवमंदन वाढवून, पुन्हा करावे.

प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांना एक विनंती. ‘अनुस्पंदनाची व्याख्या लिहा’ याऐवजी कमी आणि जास्त अवमंदनाचे दोन आलेख छापून, यांपैकी कोणते मंडल लवकर स्थिरावेल आणि कोणते शेजारची दोन केंद्रे वेगळी करील, हे कारणासह विचारावे.

आपले,
भौतिकशास्त्राचे काही शिक्षक