न्यूट्रिशन लॅबच्या मावशींना, मनापासून

ती. स्व. मावशी,
सा. न. वि. वि.

या महिन्यात तुम्ही निवृत्त होताय. बी.एस्सी. गृहविज्ञान, अन्न व पोषण, तिसऱ्या वर्षाच्या आम्ही सगळ्या मुली हे पत्र जाहीरपणे लिहितोय, कारण आमच्या जर्नलवर सह्या प्राध्यापकांच्या असतात आणि प्रयोगशाळा सहायकाचं नाव कुठेच येत नाही. बाईंनी आम्हाला गणित शिकवलं. ते गणित ज्या वजनावर उभं राहतं, ते वजन नीट घ्यायला तुम्ही शिकवलंत.

आहाराचा हिशेब मांडताना पहिली चूक ठरलेलीच असते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे, कशात किती पोषकं ते सांगणारे २०१७चे तक्ते आहेत ते कच्च्या जिन्नसाचे, तेही खाण्याजोग्या भागाच्या १०० ग्रॅमचे. घरी मोजली जाते ती वाटीतली शिजलेली आमटी. १०० ग्रॅम तूरडाळीची आमटी केली आणि पातेल्याचं वजन वजा जाता ती ८०० ग्रॅम भरली, तर १६० ग्रॅमच्या वाटीत डाळ आली २० ग्रॅम आणि प्रथिनं साधारण सव्वाचार ग्रॅम. त्या १६० ग्रॅमलाच डाळ समजून तक्ता लावला, तर तीच वाटी जवळपास ३५ ग्रॅम प्रथिनांची होऊन बसते आणि अर्धपोटी जेवणाऱ्या बाईचा आहार कागदावर उत्तम ठरतो. रिकाम्या पातेल्याचं वजन घ्यायचं राहिलं, तर आमटी झाल्यावर काहीच करता येत नाही. भांड्यांवर नाव घालतात तसं तुम्ही लॅबच्या एकेका पातेल्यावर त्याचं वजन घालून घेतलंत. किती बॅचेसचे प्रयोग त्यामुळे वाचले असतील!

खाण्याजोग्या भागाचंही तसंच. २५० ग्रॅम मटाराच्या शेंगांतून ११० ग्रॅम दाणे निघाले तर हिशेब ११० ग्रॅमचाच. शेवग्याच्या शेंगा, फणस, काटेरी मासळी यांत तर हा फरक फारच मोठा. ‘बाजारातलं वजन डावीकडे, ताटातलं उजवीकडे’ हे तुमचं वाक्य आमच्या सगळ्यांच्या वह्यांत पहिल्या पानावर आहे.

तेलाचा प्रश्नही तुमचाच. चोवीस तासांच्या आहाराची आठवण विचारताना ‘भाजीत तेल किती घातलं?’ असं विचारलं की उत्तर येतं ‘थोडंसं’. तुम्ही म्हणालात, महिन्याचा डबा विचारा, घरात माणसं किती ते विचारा. चौघांच्या घरात महिन्याला तीन लिटर तेल लागत असेल, तर लिटरचं वजन सुमारे ९१५ ग्रॅम धरून माणशी रोज २३ ग्रॅम होतं. सणाचा महिना आणि पाहुणे वेगळे विचारायचे. सर्वेक्षणाला गेल्यावर हा एक प्रश्न दहा प्रश्नांचं काम करतो.

आहार आखताना सगळ्यात अडतं ते लोहावर. राष्ट्रीय पोषण संस्थेच्याच २०२०च्या शिफारशींनुसार ५५ किलोच्या, बैठं काम करणाऱ्या बाईला ऊर्जा हवी १६६० किलोकॅलरी आणि लोह मात्र २९ मिलिग्रॅम. आकडा भरेना की कुणीतरी ५० ग्रॅम अळीव लिहून मोकळं होतं. तुम्ही वाद न घालता ५० ग्रॅम अळीव मोजून भिजत घातलेत आणि फुगून बुळबुळीत झालेलं ते सगळं ताटात समोर ठेवलंत. एका माणसाने एका दिवसात हे खायचं! त्यानंतर आमच्या जर्नलमध्ये चमचाभर अळीव आला, आणि उरलेल्या लोहासाठी बाजरी, पालेभाजी, मोड आलेली मटकी, सोबत लिंबू आणि जेवणाला लागून चहा नाही.

क जीवनसत्त्वाच्या प्रयोगाबद्दल तर वेगळे आभार मानायला हवेत. आवळा किंवा पेरू चिरल्याबरोबर ४ टक्के ऑक्झॅलिक आम्लात वाटायचा, चिरून तसाच ठेवायचा नाही, कारण हवा लागली की जीवनसत्त्व घटायला लागतं. अर्क गाळून १०० मिली करायचा, त्यातला ५ मिली घेऊन त्यात १० मिली आम्ल घालायचं आणि ब्युरेटमधून (खुणांच्या काचनळीतून) डाय, म्हणजे क जीवनसत्त्व ज्याचा रंग घालवतं ते निळं द्रावण, सोडायचा. डाय तपकिरी बाटलीत, फ्रिजमध्ये, आणि त्या दिवशीच्या प्रमाण द्रावणाशी (क जीवनसत्त्वाचं प्रमाण माहीत असलेल्या) ताडून घेतल्याशिवाय वापरायचा नाही. गडद डायची खालची कड दिसत नाही, म्हणून वाचन वरच्या कडेवर, सुरुवातीचं आणि शेवटचं दोन्ही. फिकट गुलाबी रंग १५ सेकंद टिकला की थांबायचं. पुढे तो हळूहळू उडतोच, अर्कातले इतर घटकही डाय खातात. त्यामागे लागून थेंब वाढवले की जीवनसत्त्व खोटं वाढतं. कोकम किंवा बीट आणलं तर मूळ रंगातच गुलाबी हरवतो, हे तुम्ही आधीच सांगून मुलींची अख्खी दुपार वाचवायचात.

राख काढायच्या प्रयोगात तुमचा धाक होता तो डेसिकेटरचा, म्हणजे ओल न लागता वस्तू निववायच्या बंद भांड्याचा. भट्टीतून ५५० अंशांवरून निघालेली मूस (राखेची छोटी वाटी) गरम असतानाच तराजूवर ठेवली, तर वर चढणाऱ्या हवेमुळे वजन कमी दिसतं. उघड्यावर निववली, तर ती ओल शोषते आणि वजन वाढतं. डेसिकेटरमधलं ओल शोषणारं सिलिका जेल निळं आहे ना, गुलाबी पडलं असेल तर ओव्हनमध्ये वाळवून घ्या, हे तुम्ही रोज बघायचात, प्रयोग असो वा नसो.

मावशी, यातलं बरंचसं पुस्तकांतही असतं. पण आमच्यातल्या निम्म्याजणी मराठी माध्यमातून आल्या, आणि इंग्रजी मॅन्युअलमधली सूचना आधी तुमच्या तोंडून मराठीत कळली, मग वाचता आली. प्रश्न दुसऱ्यांदा विचारायची भीती तुमच्यासमोर कधी वाटली नाही. त्याबद्दल आम्ही खरोखर ऋणी आहोत.

तुमच्या सूचना आम्ही एका वहीत उतरवल्या आहेत: पातेल्यांची वजनं, वाट्या-पळ्यांची मापं, कच्च्या-शिजलेल्या वजनाची जोडी, डाय करायची कृती. वही तराजूच्या कपाटात, वरच्या फळीवर ठेवली आहे. भाकरी आणि थालीपिठाची पानं कोरी आहेत, कारण पिठाला पाणी किती लागतं ते पिठागणिक बदलतं आणि तुमचा अंदाज आमच्यापेक्षा पक्का आहे. जायच्या आधी एकदा चाळा, चुकलं असेल तिथे लाल पेनने दुरुस्त करा.

आपल्या,
अन्न व पोषण, तिसऱ्या वर्षाच्या मुली