तुमच्या खिशात वाजलेले तेरा मेसेज

नागपूर, ७ सप्टेंबर २०२५

ती. बाबा व सौ. आई यांस,
सा. न. वि. वि.

मारबतीच्या दिवशी फोनवर आई मागून ओरडली, "ऑनलाइन जुगार घेऊन जाय गे मारबत!" बाबा, तुम्ही हसला नाहीत. हळूच एवढंच विचारलंत, "तुझं ते बंद झालं ना?" मी हो म्हटलं, फोन ठेवला, आणि मग डोक्यात प्रकाश पडला. पैसे ज्यातून जायचे ते बँकेचं खातं कॉलेजात असताना तुमच्या-माझ्या दोघांच्या नावावर उघडलेलं. मेसेज दोघांनाही जातो. म्हणजे दहा महिन्यांत मी ऑनलाइन पोकरमध्ये, पैसे लावून खेळायच्या त्या पत्त्यांत, तेरा वेळा ५०० रुपये भरले, ते तेराही वेळा आर्वीत तुमच्या खिशात वाजले.

आईला तुम्ही बोलला नसणार. बोलला असता तर ती मारबतीपर्यंत थांबली नसती.

तर आता मीच सांगते. २०१९ मध्ये पुण्यात मी ६२ हजार घालवले, तुम्ही एफडी मोडलीत आणि मी आईच्या गळ्याची शपथ घेतली. ती शपथ गेल्या नोव्हेंबरात मोडली. आई, आधी पूर्ण वाच, मग फोन कर.

"काय करून राहिली वो एवढ्या रात्री?" असं तू विचारतेस आणि मी "ऑफिसचं काम" म्हणते, ते ऑफिसचं नसतं. मी पोकर शिकवणारं सॉफ्टवेअर लिहितेय. खेळून झालेले डाव त्यात घालायचे, मग ते सांगतं की कुठे उगाच पैसे लावले आणि कुठे फोल्ड करायला हवं होतं. फोल्ड म्हणजे पानं टाकून डाव सोडणं, आपल्या तीन पत्तीतलं पॅक. समजा बदामाची चार पानं जमली आहेत आणि पाचवं हवंय. उरलेले बदाम ९, न दिसलेली पानं ४७. पुढच्याच पानाला बदाम यायची शक्यता १९ टक्के. मधे १०० रुपये पडलेत आणि तुमच्याकडून ५० मागताहेत, तर तो सौदा तोट्याचा: पाचांत जेमतेम एकदा १०० येणार, चारदा ५० जाणार. एवढं गणित मशीन झोपेतही करतं. अडतं ते माणसापाशी.

आधी मी फुकटच्या चिप्सवरच, म्हणजे खोट्या पैशांवर, खेळून पाहिलं, खरंच. पण तिथे कोणी पॅक करतच नाही. दुर्री-सत्ती हातात आणि सगळ्या चिप्स पुढे! अशा डावांवरून माझ्या सॉफ्टवेअरने काय शिकायचं? म्हणून १-२ रुपयांच्या टेबलावर गेले, म्हणजे जिथे पैज १-२ रुपयांपासून सुरू होते. तिथे २०० रुपये घेऊन बसायचं. त्यातले ४० लावायची वेळ आली की तोच शूर माणूस घड्याळ संपेपर्यंत विचार करतो. मला तो विचार हवा होता.

हे कारण खरं आहे, पण पूर्ण नाही. मला खेळायचंही होतं.

मार्चमधली एक रात्र तुम्हाला मेसेजवरून कळली नसेल, कारण तेव्हा नवे पैसे भरले नव्हते. ॲपमध्ये हजारभर पडून होते. दोन वेळा हरले, चिडले आणि सरळ पाचपट मोठ्या, ५-१० च्या टेबलावर जाऊन बसले. तासाभरात ९०० गेले. रकमेचं काही वाटलं नाही. हात २०१९ सारखा चालत होता, त्याने पोटात गोळा आला. घरात बसवेना. त्रिमूर्तीनगरातून निघाले ती आयटी पार्कच्या रस्त्याने पहाटे तर्री पोह्यांची गाडी लागेपर्यंत फिरत राहिले. दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी एक कुलूप लिहिलं: दिवसाला ४०० गेले की माझाच प्रोग्राम ब्राउझर बंद करतो आणि सकाळपर्यंत उघडू देत नाही. ते मी लिहिलंय, मीच तोडू शकते, हेही खरं. तोडलं नाही.

हिशेब देते, बाबा. भरले ६,५००. परत काढले ४,१८०. तोटा २,३२०. त्यातले चौदाशेच्या वर नुसत्या जीएसटीत गेले, कारण ५०० भरले की १०९ तिथेच कापले जायचे. उरलेले जवळपास नऊशे म्हणजे ती मार्चची रात्र. बाकी सगळे महिने ना नफा ना तोटा. चार्टसुद्धा आहे, दसऱ्याला दाखवते.

एक गोष्ट तुम्हाला लिहायचीच होती. मी प्रोग्राममध्ये सहा खोटे खेळाडू बसवले होते, प्रत्येकाला २०० चिप्स, म्हणजे बाराशे. दोनशे डाव झाल्यावर बेरीज आली ११९७. तीन चिप्स गायब. आधी म्हटलं, जाऊ दे. मग तुमची कॅशियरची खुर्ची आठवली. २३ रुपये कमी भरले म्हणून तुम्ही रात्री साडेनऊला घरी आला होतात आणि आई वरण तिसऱ्यांदा गरम करत होती. बसले मग शोधत. दोघांची पानं सारखी निघाली की पॉट, म्हणजे मधे जमलेल्या चिप्स, अर्धा-अर्धा वाटायचा. ४५ असेल तर २२ आणि २२, आणि उरलेली एक चिप मी कुणालाच देत नव्हते. ती पत्ते वाटणाऱ्याच्या डावीकडून जो जिंकणारा आधी येतो, त्याची असते. एक ओळ बदलली, रोकड जुळली. रात्रीचा दीड वाजला होता. तुम्हाला फोन करावासा वाटला, पण मग सगळंच सांगावं लागलं असतं.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा २१ ऑगस्टला संसदेत मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी, ऐन पोळ्याला, राष्ट्रपतींची सही झाली आणि पैशांची टेबलं बंद पडली. पोलीस दारात येतील ही भीती काढून टाका. ३ वर्षांपर्यंतची कैद आणि १ कोटीपर्यंतचा दंड हा असले खेळ चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला शिक्षा नाही. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये पैसा कुठेच नाही, फक्त गणित आहे. ते मी सोडणार नाही. आई, एखाद्या स्थळाला सांगताना पोकर म्हणू नकोस, गणिताचं काहीतरी करते म्हण.

आता रात्रभर ते सहा जणच आपापसात खेळतात. त्यातल्या एकाचं नाव बाबा ठेवलंय. चांगली पानं आल्याशिवाय तो एक चिप लावत नाही आणि थापा कधीच मारत नाही. लांबच लांब खेळात तोच वर असतो, फक्त बाकीचे त्याला लवकर ओळखतात.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारच्या बसने येते. खात्यावरचं नाव आणि मेसेज आहे तसंच राहू द्या.

तुमची,
ताई