बाबूला एक फोन कर

कोल्हापूर,
२३ जुलै २०२२

प्रिय विजय,

बाबूनं गुरुवारी पहाटे चौकात शिडी लावून डिजिटल बोर्डावरचा स्वतःचा फोटो ब्लेडनं कापून काढला. फोनवर सांगायला घेतलं असतं तर तू मध्येच भांडायला उठला असतास, म्हणून लिहितोय. सगळं वाच, मग काय शिव्या द्यायच्या त्या दे.

बोर्ड सागरनं लावलेला. मंगळवारी मंडलिक आणि माने, आपले दोन्ही खासदार दिल्लीत शिंदेंच्या बाजूला गेले, आणि बुधवारी रात्री पोरांनी अभिनंदनाचा बोर्ड चढवला. वर बाळासाहेब आणि दिघेसाहेब, मधे शिंदे, खाली शुभेच्छुकांच्या रांगेत पहिलाच आपला बाबू. आधार कार्डावरचा तो डोळे वटारलेला फोटो. विचारलं नाही, सांगितलं नाही. पोराला वाटलं, बापाचं नाव पेठेत चालतं, लावूया. बाबूनं बाकी कुणाच्या फोटोला हात लावला नाही. आपल्यापुरतं चौकोनी भोक पाडलं, तो तुकडा खिशात घातला आणि घरी गेला. तेव्हापासून बाप-लेक एका घरात असून बोलत नाहीत. वहिनी दोघांना वेगवेगळ्या वेळी ताट वाढते.

तू म्हणशील, एवढं काय त्यात? विजय, २९ जूनच्या रात्री तू इथं असायला पाहिजे होतास. सुप्रीम कोर्टानं बहुमत चाचणी थांबवायला नकार दिला, आणि उद्धवसाहेब फेसबुकवर बोलायला बसले. आम्ही चहाच्या गाड्यावर मोबाईल ग्लासाला टेकवून बघत होतो. मुख्यमंत्रिपद सोडतो म्हणाले, विधान परिषदेची आमदारकीही सोडतो म्हणाले. बाबू रडला रे. लाठीमारात डोकं फुटलं तेव्हा हूं का चूं न करणारा बाबू. गाडीवाल्यानं स्टोव्ह बंद केला. पलीकडच्या गल्लीत कुणीतरी फटाक्यांची माळ लावली, तर पोरं धावून निघाली. त्यांना अडवलं कुणी? बाबूनंच.

सरकार जातं-येतं, त्याचं दुःख कुणी धरत नाही. सहाच महिन्यांत किती गिळलं माणसांनी ते बघ. एप्रिलमधली कोल्हापूर उत्तरची पोटनिवडणूक आठव. वर्षानुवर्षं ज्या मतदारसंघात धनुष्यबाणासाठी घसा फोडला, तिथं आघाडी म्हणून काँग्रेसच्या हाताचा प्रचार करायचा आदेश आला. बाबूनं केला. जयश्रीताई निवडून आल्या, गुलाल काँग्रेसवाल्यांनी उधळला. मग जूनमध्ये राज्यसभा. संजय पवार म्हणजे आपल्यातलाच शिवसैनिक, म्हणून सगळी पेठ रात्रभर जागी. पहाटे निकाल लागला, धनंजय महाडिक आले. हरणारा कोल्हापूरचा, जिंकणारा कोल्हापूरचा, आणि आम्ही मान खाली घालून घरी. त्यानंतर दहाच दिवसांत शिंदे आमदार घेऊन सुरतेला.

तुझं म्हणणं मला पाठ आहे. ठाण्यात शिंदे मध्यरात्री फोन उचलतात, इथं उद्धवसाहेबांची आमदारालाही भेट मिळत नव्हती. ते मी खोटं म्हणत नाही. साहेबांचं ऑपरेशन झालेलं, पण त्याआधीही गाऱ्हाणी होतीच. अर्थखातं राष्ट्रवादीकडं, आपले पालकमंत्री काँग्रेसचे. सेनेच्या माणसानं गटाराचं काम मागायचं ते कुणाकडं? सागरचा राग तिथला आहे, आणि तो खरा आहे. पण मग राजीनामा द्यावा, लोकांपुढं जावं, परत निवडून यावं. गुवाहाटीच्या हॉटेलात बसून झाडी-डोंगार काय दाखवता? ज्यांनी मतं मागत दारोदार चपला झिजवल्या, त्यांना एकदा विचारायचं तरी. बाबूला विचारलं नाही आमदारांनी, खासदारांनी, आणि शेवटी पोरानंही नाही. त्याला हेच लागलंय.

२०१४ ला जिल्ह्यात दहापैकी सहा आमदार आपले होते, ट्रकवर नाचताना तू पाय मुरगळून घेतलास. २०१९ ला एकटे आबिटकर उरले, तेही गुवाहाटीला गेले. आज मातोश्रीकडं जिल्ह्यातला ना आमदार, ना खासदार. शाखेत मात्र सकाळी पाच-सहा म्हातारे पेपर वाचत बसतात, ते कुठंच गेलेले नाहीत. चिन्हाचं काय होणार हेच विचारतात. बाण गेला तर मी मतदानाला जाणार नाही, असं बाबू म्हणतो, आणि मला त्याची धास्ती वाटते. चिडलेला बाबू मी सांभाळीन, गप्प बाबू कसा सांभाळायचा?

मी बोलून बघितलं. मला म्हणाला, "तू पाटाकडीलचा, तुला काय कळतंय." अजून तो पाटाकडील-दिलबहार तालमींच्या फुटबॉल फायनलचा राग! तो गोल ऑफसाईड होता आणि मी मरेपर्यंत तेच म्हणणार, तू काहीही म्हण.

तर काम असं आहे. तू शिंदेंचा माणूस, हे बाबूला माहीत आहे, तरी तो तुझं ऐकेल. टेंभी नाक्याला दिघेसाहेबांसमोर तुम्ही दोघं एकत्र उभे राहिला होता, मी नव्हतो. त्याला फोन कर. कोण बरोबर, कोण गद्दार, यातलं अवाक्षर काढू नकोस. आधी फुटबॉलचं काढ, मग हळूच सागरचं. आणि सागरला वेगळा फोन करून सांग की आधी बापाची माफी माग, बोर्ड मग उतरव. माझ्यासमोर तो नुसता "व्हय काका" म्हणतो आणि निघून जातो.

मी बरा आहे, शुगर जरा वर असते. पंचगंगा पात्राबाहेर आली होती, आता पाणी उतरतंय. तुझ्या गुडघ्याचं काय ठरलं? मनीषाच्या सासरचे लोक चांगले आहेत ऐकून बरं वाटलं, लग्नाची तारीख कळव, आम्ही दोघंही येतो.

बाबूला नऊच्या पुढं फोन कर, त्याआधी तो अंबाबाईला गेलेला असतो. नंबर बदललाय, नवा सागरकडंच मिळेल, तेवढ्या निमित्तानं त्यालाही फोन होईल.

तुझा,
दिलीप