संगनमताला केवळ दंड पुरेसा नाही

महोदय,

दादर येथील आमच्या गृहनिर्माण संस्थेने इमारत दुरुस्तीसाठी निविदा मागविल्या, तेव्हा तिन्ही लिफाफ्यांतील दर एकमेकांना चिकटून तर होतेच, पण ‘वॉटरप्रूफिंग’चे इंग्रजी स्पेलिंगही तिघांचे एकाच ठिकाणी चुकले होते. चोरी इतकी ढळढळीत असूनही कमिटीत कोणाला पोलीस ठाणे आठवले नाही, कारण आपल्याकडे हा फौजदारी मामला समजलाच जात नाही.

स्पर्धा अधिनियम, २००२ नुसार कार्टेलला, म्हणजे संगनमताने भाव ठरविणाऱ्या कंपन्यांच्या गटाला, नफ्याच्या तिप्पट किंवा उलाढालीच्या १० टक्के, यांपैकी जे अधिक असेल तेथपर्यंत दंड होऊ शकतो; तुरुंगवास मात्र संगनमतासाठी नाही, स्पर्धा आयोगाचा आदेश मोडल्यास आहे. याच आयोगाने २०१२ मध्ये सिमेंट कंपन्यांना सुमारे ६,३०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि प्रकरण वर्षानुवर्षे अपिलांत रेंगाळले. शिवाय असा दंड पुढे गोणीच्या भावातून आपल्याकडूनच वसूल होणार नाही, याची हमी कोण देणार? अमेरिकेत १८९०च्या शर्मन कायद्याखाली अशा गुन्ह्याला १० वर्षांपर्यंत कैद आहे. सरसकट सर्वांना बेड्या ठोकाव्यात असे माझे म्हणणे नाही, कारण फौजदारी खटल्यात पुरावाही तितकाच भक्कम लागेल. परंतु जाणूनबुजून भाव ठरविणाऱ्या संचालकांवर तरी व्यक्तिशः खटला चालावा.

– एक वाचक, दादर, मुंबई