कोळंबी म्हणजे मटण नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत ग्रिल्ड कोळंबीची रेसिपी आली होती. फोटो बघून तोंडाला पाणी सुटलं हे कबूल, पण ‘लिंबू, दही आणि कांदा-लसूण मसाला लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा’ हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आपल्या कोल्हापुरात कुठल्याही नॉनव्हेजला मटणाचाच नियम लावायची सवय आहे. मटणात कोलॅजन असतं, ते विरघळायला वेळ लागतो, म्हणून मुरवा, शिट्ट्या काढा, ते मऊच होत जातं. कोळंबीत हा प्रकार फारच कमी, ती मुळातच मऊ, जास्त वेळ विस्तवावर ठेवली की आतलं पाणी निघून जातं आणि ती आवळून रबर होते. मग घरात कुणीतरी चावून बघतं, म्हणतं चिवट लागत्या, कच्ची असणार, ठेव अजून पाच मिनिटं. झालं, खेळ खल्लास!

लिंबाचं तर त्याहून वाईट. आंबट रसात कोळंबी विस्तवाशिवायच ‘शिजायला’ लागते, वरून पांढरी पडते, आणि रात्रभर ठेवली तर सकाळी वरचं मांस पिठूळ झालेलं असतं. काहीजण मटणासारखा कच्च्या पपईचा कीसही लावतात, तो तर लावूच नका, पार लगदा होतो. मीठ, हळद, आलं-लसूण, संकेश्वरी मिरचीचं तिखट आणि दोन चमचे तेल एवढं चोळून वीस मिनिटं, फार तर अर्धा तास बास. एवढीशी तर असते ती, तिला मुरायला कितीसा वेळ लागणार. लिंबू ताटात घेतल्यावर पिळा नाहीतर कोकमाचं आगळ दोन थेंब टाका.

आता कांदा-लसूण मसाल्याबद्दल बोललो तर लोक चिडतील, पण बोलतोच. त्यात भाजका कांदा, खोबरं, तीळ असतं, म्हणजे ते सगळं आधीच एकदा भाजलेलं, ते परत थेट कोळशावर धरलं की कोळंबी व्हायच्या आत मसाला करपतो आणि कडू होतो. रश्श्यात तो राजा आहे, वाद नाही. ग्रिलला हवाच असेल तर पातळ लोण्यात कालवा आणि कोळंबी विस्तवावरून उतरवल्यावर ब्रशने लावा, वास असा सुटतो की शेजारचे दार उघडून बघतात. पण कच्ची कोळंबी ज्यात ठेवली होती तो उरलेला मसाला शिजलेल्यावर फासू नका, पोट बिघडेल.

मोठी कोळंबी असेल तर कवच काढू नका, कात्रीने पाठीवरनं चिरा, काळा दोरा ओढून काढा, मसाला त्या चिरेत भरा. कवचामुळं आतलं मांस वाळत नाही. बांबूच्या काड्या अर्धा तास पाण्यात भिजवा नाहीतर कोळंबीच्या आधी त्याच पेटतात, आणि एकाऐवजी दोन काड्या शेजारी-शेजारी खुपसा म्हणजे पलटताना ती गरागरा फिरत नाही. शेगडी चांगली तापलेली पाहिजे, एका बाजूला दोन मिनिटं, दुसऱ्या बाजूला दोन, मोठी असेल तर तीन. शिजली की कोळंबी लाल होते असं सांगतात ते बरोबरच आहे, उष्णतेनं आतला रंग मोकळा होतो, पण आपण तिखटानं आधीच लाल केलेली असते तर कळणार कसं? म्हणून पाठीच्या चिरेत बघायचं, काचेसारखं मांस दुधासारखं पांढरं झालं आणि ती अर्धगोल वळली की उतरवा. पूर्ण गोल झाली म्हणजे उशीर झाला. डोकी काढली असतील तर टाकू नका, कांदा-लसूण घालून त्यांचं अळणी काढा, म्हणजे पाण्यात उकळून गाळलेला पातळ अर्क, त्यावर रस्सा भारी होतो.

आपल्याकडं माल कोकणातनं घाट चढून, आंबा घाट नाहीतर गगनबावड्यावरनं येतो, त्यामुळं घेताना वास घ्यायला लाजू नका. अमोनियासारखा भपकारा आला तर सरळ पुढं चला, मग दुकानदार काय म्हणायचं ते म्हणू दे. १ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत तळ्यात वाढवलेली व्हेनामी जातीची फ्रोजन कोळंबी मिळते, ती वाईट नसते बरं का. फक्त रात्री फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या किंवा पिशवीसकट गार पाण्यात ठेवा, गरम पाणी अजिबात नको, आणि मसाला लावायच्या आधी फडक्यानं कोरडी करा, ओली राहिली तर भाजायच्या ऐवजी वाफवली जाते.

तर रिक्वेस्ट एवढीच की पुढच्या रविवारी ती ‘रात्रभर’वाली ओळ दुरुस्त करून छापा, कारण लोक पुरवणीचं कात्रण कापून किचनमध्ये चिकटवतात आणि मोठी कोळंबी काय स्वस्त नसते.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर